‘मर्यादेत’ नको, किलोत सांगा : प्रदूषण नियंत्रण मंडळास खानदेशातून खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई.

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार.

विषय : चिमण्यांच्या तपासणी अहवालांतील मूळ नोंदी आणि प्रदूषकांचे प्रत्यक्ष वजन जाहीर करण्याबाबत.

महोदय,

आमच्याकडे दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगच्या काट्यावर उभ्या राहतात, तेव्हा भरल्या गाडीचे वजन होते, माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचे होते, दोन्हींची वजाबाकी शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडली जाते आणि ओलावा किती टक्के धरला हेही पावतीवर येते. ‘तुमचा कापूस मर्यादेत आहे’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी कोणी त्याच्या हाती दिली, तर तो ती घेऊन घरी जाणार नाही. काटा पुन्हा लावायला सांगेल. हवेतील धूळसुद्धा अशीच भरल्या आणि रिकाम्या वजनाच्या वजाबाकीने मोजली जाते. लोकांच्या हाती मात्र बहुतेक वेळा ‘मर्यादेत’ हा एकच शब्द पडतो. या पत्रातील माझे सारे म्हणणे या एका शब्दाविषयी आहे.

मी जळगावातील एका खासगी प्रयोगशाळेत चौदा वर्षे काम केले. त्यातील बराचसा काळ फिल्टर कागद आणि थिंबल, म्हणजे चिमणीतील धूळ अडकवणाऱ्या टोपणासारख्या लहान गाळण्या, तोलण्यात गेला, आणि काही वर्षे कारखान्यांच्या चिमण्यांच्या शिड्या चढण्यात. आता मी एरंडोल तालुक्यातील माझ्या गावी राहते. कोणत्याही कारखान्याविरुद्ध किंवा अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार म्हणून हे पत्र लिहीत नाही. जो आकडा मी स्वतः वर्षानुवर्षे काढला, तो ज्याच्यासाठी काढला त्याच्यापर्यंत कधी पोहोचला नाही, एवढीच माझी खंत आहे.

हा आकडा कसा निघतो ते आधी सांगते, कारण पुढच्या मागणीचा पाया तोच आहे. पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या व्यासाचे धूलिकण, मोजण्याच्या यंत्रात वहीच्या पानाएवढा काचतंतूंचा पांढरा कागद बसवतात. कागद आधी दमट हवेपासून दूर, ठरावीक आर्द्रतेत चोवीस तास ठेवून ग्रॅमच्या चौथ्या दशांशापर्यंत तोलतात. मग तो चिमट्याने उचलून यंत्रावर लावायचा, आठ तासांची पाळी संपली की उतरवायचा, मळलेली बाजू आत घेऊन दुमडायचा आणि पुन्हा तोलायचा. समजा, कोऱ्या कागदाचे वजन २.७४१२ ग्रॅम होते आणि वापरलेल्याचे २.७८६२ ग्रॅम भरले. फरक ०.०४५० ग्रॅमचा, म्हणजे ४५,००० मायक्रोग्रॅम. यंत्र मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढत असेल, तर आठ तासांत ५२८ घनमीटर हवा त्या कागदातून गेली. भागाकार केला की ८५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर येतात.

हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण याच गणितात मी एकदा चुकले होते. त्या रात्री दोन तास वीज नव्हती. यंत्रावरचा तासांचा काटा सहावरच थांबलेला होता आणि मी मात्र सवयीने नोंदवहीत आठ तास लिहिले. वीज गेलेल्या वेळेत यंत्राने हवा ओढलीच नव्हती, म्हणजे खरी हवा ३९६ घनमीटर होती आणि खरा आकडा ११४ होता. चोवीस तासांची मर्यादा १०० आहे. माझ्या एका चुकीच्या आकड्याने त्या पाळीची हवा मर्यादेबाहेरून मर्यादेच्या आत आली. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने तासांच्या काट्याचे वाचन नोंदीशी ताडून पाहिले म्हणून चूक सापडली. अहवालात फक्त ‘मर्यादेत’ असे छापले गेले असते, तर ती कोणालाही, मलासुद्धा, कधीच सापडली नसती. ज्या भागात उन्हाळ्यात वीज जाणे ही बातमी नसते, त्या भागातील प्रत्येक धूलिमापनाच्या आकड्याशेजारी यंत्र किती तास चालले हे छापलेले असणे किती आवश्यक आहे, हे यापेक्षा वेगळ्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

कायदा या बाबतीत आमच्या बाजूचा आहे. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ याच्या कलम १७ मध्ये राज्य मंडळाची कामे दिली आहेत, आणि त्यांत हवाप्रदूषणाविषयीची माहिती गोळा करणे व तिचा प्रसार करणे हे काम स्पष्ट शब्दांत आहे. कलम २१ खाली मंडळ कारखान्याला संमतीपत्र देते, कलम २६ खाली चिमणीतून नमुने घेते, आणि कलम ४३ खाली साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात जाऊ पाहणाऱ्या नागरिकाने मागणी केल्यास मंडळाने आपल्याकडील संबंधित अहवाल त्याला द्यावेत, अशीही तरतूद आहे. परंतु अहवाल पाहण्यासाठी माणसाला आधी खटल्याच्या दारापर्यंत जावे लागावे, हा कायद्याचा हेतू असेल असे मला वाटत नाही.

बाहेरच्या हवेची मानके १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने ठरली आहेत. त्यांत बारा प्रदूषके आहेत : पीएम १०, पीएम २.५, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, शिसे, बेंझिन, बेंझोपायरिन, आर्सेनिक आणि निकेल. प्रत्येकाविषयी लिहिण्यासारखे असले तरी खानदेशाचा रोजचा प्रश्न पहिल्या तिघांचा आहे, म्हणून बाकीचे इथेच सोडते. पीएम १० ची वार्षिक मर्यादा ६० आणि चोवीस तासांची १०० मायक्रोग्रॅम आहे. फुप्फुसाच्या अगदी आतल्या पिशव्यांपर्यंत पोहोचणाऱ्या पीएम २.५ ची अनुक्रमे ४० आणि ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वर्षाला ५ ही पातळी सुचवली. आपली मर्यादा तिच्या आठपट आहे, त्यामुळे ‘मर्यादेत’ म्हणजे ‘निर्धोक’ असा अर्थ कोणी काढू नये.

वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, वर्षाला किमान १०४ दिवस मोजमाप व्हावे असा नियम आहे. नियम चांगला आहे, पण सरासरीला ऋतू कळत नाहीत. समजा, पावसाळ्याचे चार महिने पीएम १० ची पातळी ३० होती आणि उरलेले आठ महिने ७४. सरासरी ५९.३ येते, वर्ष मर्यादेत बसते, आणि कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत माणसाने मर्यादेपेक्षा जास्त धूळ छातीत घेतली हे त्या आकड्यात कुठेही दिसत नाही. हवा गुणवत्ता निर्देशांकाचेही तसेच आहे. एखाद्या दिवशी पीएम १० ची पातळी १७५ असेल, म्हणजे मर्यादेच्या पावणेदोनपट, तर निर्देशांक १५० येतो आणि मोबाइलवर शब्द दिसतो ‘मध्यम’. मध्यम! पावणेदोनपट भाराची गाडी काट्यावर आली, तर तिला मध्यम कोणी म्हणेल का?

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा मानके न गाठलेल्या शहरांत जळगावचा समावेश झाला. धुळे आणि नंदुरबार त्या यादीत नाहीत. जळगावच्या वाट्याला त्यामुळे निधी आणि कृती आराखडा आला, हे स्वागतार्ह आहे. मात्र रस्त्याच्या कडेची धूळ झाडणे आणि पाण्याचे फवारे मारणे यांपलीकडे जायचे असेल, तर कोणत्या स्रोतातून तासाला किती किलो धूळ निघते याचा हिशेब लागतो, आणि चिमण्यांना घातलेल्या, दर घनमीटरास इतके मिलीग्रॅम अशा मर्यादांतून तो हिशेब मिळत नाही. का मिळत नाही, ते एका साध्या बॉयलरच्या उदाहरणावरून दाखवते.

एक मीटर व्यासाची चिमणी घ्या. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. पिटॉट नळीने वायूचा वेग सेकंदाला ८ मीटर मोजला, तर सेकंदाला ६.२८ घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे २२,६०० घनमीटर वायू बाहेर पडतो. तो १५० अंश सेल्सिअसला फुगलेला आहे. आपल्याकडे मोजणी २५ अंशांच्या आणि ७६० मिलिमीटर दाबाच्या ‘नॉर्मल’ घनमीटरात होते, म्हणून २९८ भागिले ४२३ या गुणोत्तराने तो सुमारे १६,००० नॉर्मल घनमीटर होतो. थिंबलमध्ये अडकलेल्या राखेवरून दर घनमीटरास ३०० मिलीग्रॅम धूळ निघाली, तर गुणाकार तासाला ४.८ किलोचा येतो. दिवसरात्र भट्टी चालली तर एक क्विंटल पंधरा किलो. क्विंटल म्हणजे काय, हे आमच्या गावात शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही समजते.

आता समजा, संमतीपत्रातील मर्यादा १५० आहे. मालकाने बॅग फिल्टर, म्हणजे धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांचे यंत्र, बसवला नाही. केवळ चिमणीकडे जाणाऱ्या नळावरचे एक झाकण उघडे ठेवले, आणि धुराइतकीच ताजी हवा आत शिरली. वायू ३२,००० घनमीटर झाला, धूळ तेवढीच राहिली, आणि दर घनमीटरास १५० मिलीग्रॅम भरले. अहवाल ‘मर्यादेत’. क्विंटल पंधरा किलो मात्र जिथे पडायचे तिथेच पडले. हे पकडायचे कसे, तेही याच शास्त्रात आहे. पहिल्या वेळी धुरात प्राणवायू ९ टक्के होता असे धरू. ताज्या हवेतील २१ टक्के मिसळल्यावर तो १५ टक्के होतो. दोन्ही वाचने ६ टक्के प्राणवायूच्या पायावर आणली, म्हणजे (२१ वजा ६) भागिले (२१ वजा मोजलेला प्राणवायू) या अपूर्णांकाने गुणली, तर पहिल्याचे ३७५ येतात आणि दुसऱ्याचेही ३७५ च. थोडक्यात, प्राणवायूचा आकडा अहवालात छापलेला असेल, तर अकरावीतला विद्यार्थीसुद्धा ही चलाखी ओळखेल. नसेल, तर मलाही ओळखता येणार नाही.

(चिमणीवर चढलेल्यांना एक गोष्ट ठाऊक असते. चिमणीतील वायू ज्या वेगाने वर जातो, नेमक्या त्याच वेगाने तो नमुन्याच्या नळीत ओढावा लागतो. जास्त जोराने ओढला तर जड कण वळण न घेता सरळ वर निघून जातात आणि धूळ कमी भरते. हळू ओढला तर तेच कण नळीच्या तोंडात जादा शिरतात. पंपाची चावी किती फिरवायची, यावर अहवालाचे भवितव्य असते, आणि तीस मीटरच्या फळीवर वाऱ्यात उभ्या असलेल्या मुलाच्या हाती ती चावी असते. म्हणून ओढण्याचा वेगही छापला पाहिजे.)

लहान बॉयलरकडून मोठ्याकडे येते. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. पुढचे आकडे त्या केंद्राच्या अहवालातील नाहीत. एवढ्या क्षमतेच्या कोणत्याही कोळसा संचासाठी अभियंते जे धरून चालतात, ते घेऊन मी केलेले हे गणित आहे. पूर्ण भाराने चालणारा असा संच तासाला पाच लाख युनिट वीज देतो. युनिटमागे २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते आणि कोळशाच्या किलोत ३,६०० किलोकॅलरी आहेत असे धरले, तर तासाला सुमारे ३३३ टन कोळसा जळतो. त्यात ३५ टक्के राख, आणि तिच्यातील ८० टक्के राख धुराबरोबर उडणारी, म्हणजे तासाला ९३ टन. धूर सुमारे २० लाख नॉर्मल घनमीटर. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार २००४ ते २०१६ या काळात उभारलेल्या संचांना धुळीची मर्यादा ५० मिलीग्रॅम आहे, म्हणजे तासाला १०० किलो. नव्वद टनांतून केवळ शंभर किलो बाहेर जाऊ द्यायचे, बाकी सर्व विजेच्या भाराने राख ओढून घेणाऱ्या ईएसपी यंत्राने धरायचे, हे काम सोपे नव्हे आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदरच आहे.

पण इथे टक्केवारी माणसाला फसवते. यंत्राची क्षमता ९९.९ टक्के असेल, तर ९३ किलो राख सुटते. ती ९९.५ टक्क्यांवर आली, तर ऐकणाऱ्याला वाटते, ०.४ टक्क्याने काय बिघडते? गणित सांगते की आता तासाला ४६७ किलो सुटत आहेत, म्हणजे पाचपट, आणि वाचन ४७ च्या जागी २३३ मिलीग्रॅम झाले आहे. दिवसाला सव्वादोन टनांऐवजी अकरा टन. एक ट्रक भरून. किती धरले हे न सांगता किती सुटले हे सांगितले, तर हा फरक लपत नाही. ‘९९.५ टक्के कार्यक्षम’ हे वाक्य एखाद्या फलकावर मानाने झळकू शकते. ‘दिवसाला अकरा टन’ हे वाक्य झळकवायला कोणी धजावणार नाही.

सल्फर डायऑक्साइडबाबत तर वजन जाणून घेण्याची गरज आता आणखी वाढली आहे. तेवढ्याच कोळशात अर्धा टक्का गंधक धरले, तर तासाला १.६७ टन गंधक जळते, आणि गंधकाचा अणुभार ३२ आणि सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४ असल्यामुळे, त्याचे ३.३३ टन सल्फर डायऑक्साइड होते. घनमीटरमागे सुमारे १,६७० मिलीग्रॅम. २०१५ च्या अधिसूचनेने एवढ्या मोठ्या संचांसाठी २०० ची मर्यादा घातली होती. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने देशातील बहुतेक केंद्रांना या मर्यादेतून वगळले. चिमणीच्या उंचीची अट मात्र ठेवली. चिमणीच्या उंचीचे सूत्र आमच्या पाठ्यपुस्तकात होते : तासाला जितके किलो सल्फर डायऑक्साइड, त्याचा ०.३ वा घात, गुणिले १४. वरच्या आकड्याला हे सूत्र १६० मीटर देते आणि ५०० मेगावॅटसाठीचा नियम २७५ मीटर मागतो. उंची भरपूर आहे, पण उंचीने एक ग्रॅमही कमी होत नाही. धूर आमच्या डोक्यावरून पुढे जातो, हवेत त्याचे सल्फेट बनते, आणि तेच बारीक कण दूरच्या कोणाच्या तरी पीएम २.५ मध्ये मोजले जातात. मर्यादाच उरली नसेल तर ‘मर्यादेत’ हा शब्दही निरर्थक होतो. मग सांगण्यासारखे एकच उरते : किती टन?

याच्या अगदी उलट टोकाला वीटभट्ट्या आहेत. गिरणा आणि पांझरेच्या काठच्या बहुतेक भट्ट्यांना चिमणीच नसते. कच्च्या विटा आणि कोळशाचा चुरा थरावर थर रचतात, बाहेरून चिखलाने लिंपतात आणि पेटवून देतात; मग दोन-तीन आठवडे त्या ढिगाच्या प्रत्येक फटीतून धूर निघत राहतो. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने वीटभट्ट्यांना २५० मिलीग्रॅमची मर्यादा घातली, धूर विटांमधून नागमोडी वळणांनी नेणाऱ्या झिगझॅगसारख्या रचनेकडे वळण्याची मुदत दिली, आणि वस्तीपासून व फळबागांपासून ८०० मीटरचे अंतर सांगितले. केळीच्या मुलखात फळबागेचा हा उल्लेख मोलाचा आहे. परंतु जिथे चिमणी नाही तिथे आमची पिटॉट नळी घालायची कुठे? मोजता येत नाही म्हणून अहवाल नाही, आणि अहवाल नाही म्हणून प्रदूषण नाही, असा हा प्रकार आहे. गणित मात्र इथेही थांबत नाही. लाख विटांच्या भट्टीला ४० टन कोळसा लागला असे धरा आणि त्यात अर्धा टक्का गंधक; ४०० किलो सल्फर डायऑक्साइड निघते, वीस दिवसांत विभागले तर दिवसाला २० किलो. वीज संचाच्या तुलनेत हे काहीच नाही, पण वीज संचाचा धूर २७५ मीटरवरून सुटतो आणि भट्टीचा माझ्या मावशीच्या अंगणात, चुलीच्या उंचीवर. तिला मी खोकल्याबद्दल विचारले, तेव्हा पदराने तोंड पुसत ती म्हणाली, “आमले धूरनी सवय व्हई गई.” भट्टीमालकाकडे कोळशाच्या खरेदीच्या पावत्या असतात. त्या पावत्यांवरून किलो काढता येतात. चिमणी लागत नाही.

किलो का हवेत, याचे सर्वांत महत्त्वाचे कारण हिवाळ्यातील सकाळ आहे. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्यामधल्या तापीच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. धूर किती उंचीपर्यंत पसरणार, हे ते झाकण ठरवते. वाऱ्याच्या आडव्या दिशेला पाच किलोमीटर रुंद असलेले एखादे शहर कल्पा. सकाळी सहाला झाकण २०० मीटरवर आहे आणि वारा सेकंदाला एक मीटर. शहरावरून सेकंदाला दहा लाख घनमीटर हवा वाहते. शहरातील सर्व स्रोतांतून मिळून तासाला १८० किलो, म्हणजे सेकंदाला ५० ग्रॅम धूळ निघत असेल, तर तिच्यामुळे हवेत ५० मायक्रोग्रॅमची भर पडते. दुपारी झाकण १,५०० मीटरवर जाते, वारा तीन मीटर होतो, आणि त्याच धुळीने फक्त २.२ मायक्रोग्रॅम वाढतात. बावीसपटींहून अधिक फरक, आणि एकाही चिमणीने काहीही बदललेले नाही. ज्यांना सकाळच्या शाळेची वेळ, भट्ट्या पेटवण्याचे दिवस किंवा बॉयलर साफ करण्याचा तास ठरवायचा आहे, त्यांना हा हिशेब उपयोगी पडेल. पण या हिशेबात मिलीग्रॅम प्रति घनमीटर टाकता येत नाहीत. सेकंदाला किती ग्रॅम, हेच टाकावे लागते, आणि नेमके तेच आमच्याकडे कोणत्याही कागदावर नसते.

हे नवे किंवा अशक्य नाही, हे दाखवायला लांब जाण्याची गरज नाही. भुसावळहून सुटलेली गाडी नंदुरबार, नवापूर करत सुरतेला पोहोचते. आमची तापीही तिकडेच जाते. तिथे गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये तीनशेहून अधिक कारखान्यांसाठी धुळीच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसली, सर्वांनी मिळून किती वजनाची धूळ सोडायची याची एकूण मर्यादा ठरली, आणि ज्याने कमी सोडली त्याला उरलेले किलो दुसऱ्याला विकता येऊ लागले. संशोधकांनी केलेल्या तुलनेत या कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. बाजार हवा की नको, हा वेगळा वाद आहे आणि त्यावर माझे मत अद्याप बनलेले नाही. परंतु किलोत मोजल्याशिवाय ते सुरूच होऊ शकले नसते. आपल्या मंडळानेही २०१७ मध्ये चिमण्यांच्या नमुन्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याचा उपक्रम सुरू करून नमुन्यांची माहिती लोकांसमोर ठेवता येते हे दाखवले होते. ताऱ्यांपासून किलोपर्यंतचे अंतर फार नाही.

म्हणून विनंती अशी आहे. खानदेशातील तिन्ही जिल्ह्यांतील ज्या ज्या चिमणीचा नमुना मंडळ स्वतः घेते किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून घेववते, तिच्या अहवालात मर्यादेच्या तुलनेबरोबरच चिमणीचा व्यास, वायूचा वेग व तापमान, प्राणवायूचे प्रमाण, नमुना ओढण्याचा वेग आणि कालावधी, थिंबलची दोन्ही वजने आणि त्या वेळी कारखाना किती भाराने चालू होता, हे सर्व छापावे. शेवटी किलो प्रति तास हा आकडा असावा. आणि हा कागद मराठीत, मागितल्याशिवाय, मंडळाच्या संकेतस्थळावर व संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. यांतील एकही नोंद नव्याने घ्यावी लागणार नाही. सर्व नोंदी आजही आमच्या कच्च्या वहीत असतात, फक्त पक्क्या अहवालात येताना गळतात. मोठ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर २०१४ च्या केंद्रीय निर्देशांनंतर सतत मोजणारी यंत्रे बसली आहेतच. त्यांच्या वाचनाला वायूच्या प्रवाहाने गुणून रोजचे किलो दाखवणे हे संगणकाला एका ओळीचे काम आहे. चिमणी नसलेल्या भट्ट्यांसाठी कोळशाच्या पावत्यांवरून काढलेला अंदाज, तो अंदाज आहे असे स्पष्ट लिहून, जाहीर करावा.

यावर दोन आक्षेप येतील, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. पहिला, ही माहिती कारखान्याची व्यावसायिक गुपिते उघड करील. चिमणीतून तासाला किती धूळ पडते हे गुपित असेल, तर ते त्या धुळीखाली राहणाऱ्यांपासूनचे गुपित आहे, आणि कलम १७ वाचल्यावर ते टिकत नाही. दुसरा आक्षेप असा की लोकांना आकडे समजणार नाहीत आणि उगाच घबराट होईल. या आक्षेपाचा मला राग येतो, हे लपवत नाही. आमच्याकडचा शेतकरी ठिबकच्या नळ्यांचा ताशी विसर्ग, केळीच्या घडाचे सरासरी वजन, कापसातील ओलाव्याची कटती आणि बँकेचे व्याज एकाच बैठकीत तोंडी काढतो. त्याला तासाला ४.८ किलो समजणार नाहीत, असे म्हणणाऱ्याने एकदा त्याच्यासोबत काट्यावर उभे राहावे.

सुरुवात म्हणून मंडळाने तिन्ही जिल्ह्यांतील मिळून फक्त दहा चिमण्या निवडाव्यात, लहान-मोठ्या, सरकारी आणि खासगी अशा दोन्ही, आणि येत्या हिवाळ्याच्या तपासणीचे त्यांचे अहवाल वर सांगितलेल्या सर्व नोंदींसह प्रसिद्ध करावेत. गावातल्या दहावीच्या मुलांसोबत बसून मी ते दहाही अहवाल पुन्हा मोजीन, आणि आमचे उत्तर मंडळाच्या उत्तराशी कुठे जुळले नाही तर कोणत्या ओळीत जुळले नाही, ते आपल्याला लेखी कळवीन. वीज किती वाजता गेली होती, एवढी नोंद मात्र कृपया विसरू नये.

आपली विश्वासू,
प्रयोगशाळेतील एक माजी रसायनतज्ज्ञ,
तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव